नाका : थांबवणारे आणि थांबणारे

प्रस्तावना

मुलुंडला रिक्षात बसून नुसतं ‘चेकनाका’ म्हटलं तरी रिक्षा बरोबर जागी जाते. तिथली जकातवसुली ३० जून २०१७ च्या मध्यरात्री बंद झाली. मालमोटारींच्या रांगा गेल्या, पावत्या फाडणारे कारकून गेले, नाव मात्र राहिलं. महाराष्ट्रात अशी नावं जागोजाग आहेत. शहराच्या तोंडाशी जकातनाका, महामार्गावर टोलनाका, जंगलाच्या वाटेवर वन तपासणी नाका, राज्याच्या हद्दीवर आरटीओचा चेकपोस्ट, आणि सणासुदीला, निवडणुकीत किंवा थर्टी फर्स्टच्या रात्री पोलिसांची नाकाबंदी. वरळी नाक्यावर तर आता कुणी कुणाला अडवत नाही. ‘नाक्यावर भेटू’ म्हणजे चहाच्या टपरीपाशी भेटू, एवढाच अर्थ उरला आहे. मुंबई-ठाण्यात सकाळी ठरलेल्या चौकांत गवंडी, रंगारी, बिगारी कामाच्या आशेने उभे राहतात. त्यांना ‘नाका कामगार’ म्हणतात.

हे पुस्तक अशा नाक्यांविषयी आहे. रस्त्यांचे इतिहास लिहिले गेले, किल्ल्यांचे तर उदंड लिहिले गेले. पण रस्त्यावर माणसाला जिथे थांबावं लागतं, त्या जागेकडे आपण फारसं निरखून पाहिलेलं नाही. खरं तर सामान्य माणसाची आणि सत्तेची गाठ राजवाड्यात किंवा मंत्रालयात क्वचितच पडते. ती पडते नाक्यावर. कोण, कुठला, कुठे निघालास, पोत्यात काय आहे, कागद आहे का, हे प्रश्न दोन हजार वर्षांत फारसे बदललेले नाहीत. बदलत गेलं ते एवढंच, की हे प्रश्न कोण विचारतं, कशासाठी विचारतं, आणि ज्याला विचारलं जातं त्याला उलट विचारता येतं का. या पुस्तकाचं सगळं म्हणणं या शेवटच्या मुद्द्यावर उभं आहे. विचारणाऱ्यालाही जिथे विचारता येतं, तो नाका लोकांचा. जिथे येत नाही, तो लोकांवरचा.

नाका कुठेही बसत नाही. जिथून गेल्यावाचून गत्यंतर नाही, अशी चिंचोळी जागा त्याला लागते : खिंड, उतार, पूल, वेस. सह्याद्रीने अशा जागा आधीच ठरवून ठेवल्या होत्या. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल जुन्नर, पैठणकडे न्यायचा तर घाट चढावा लागे, आणि त्यांतला एक मोठा घाट म्हणजे नाणेघाट. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची मोजदाद आहे : गाई, घोडे, कार्षापणं. जवळच दगडाचा मोठा रांजण आहे. घाट चढून येणारे व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकत, अशी लोकांची समजूत आहे. समजूत खरी असो वा नसो, लेखाची जागा पुरेशी बोलकी आहे. राजघराण्याने आपली दानं कोरण्यासाठी जी भिंत निवडली, ती प्रत्येक तांड्याच्या वाटेवरची होती. जो कर घेतो त्याने आपलं औदार्यही तिथेच लिहून ठेवलं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाक्याची व्यवस्था फार तपशिलाने येते. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा असावी, तिच्यावर ध्वज असावा, आणि चार-पाच लेखकांनी व्यापाऱ्याचं नाव, गाव, मालाचं मोजमाप आणि पहिली मुद्रा कुठे उमटली ते लिहून घ्यावं, असं तिथे सांगितलं आहे. मालावर मुद्रा नसेल तर दुप्पट शुल्क आणि बनावट असेल तर आठपट दंड. आजच्या कुठल्याही तपासणी नाक्याचा सांगाडा यात सापडतो : ठळक दिसणारी जागा, नोंदवही, शिक्का आणि दंडाचा दर.

मराठा काळात जकातीचा संसार पुष्कळ वाढला. माल भरला जातो तिथे थळभरीत, उतरतो तिथे थळमोड, वर छापा. प्रत्येक महालाची वसुली वेगळी, त्यामुळे लांबचा व्यापारी वाटेत दहा ठिकाणी थांबे. त्यातून हुंडेकरी हा एक धंदा उभा राहिला. व्यापाऱ्याने हुंडेकऱ्याला एकरकमी पैसे द्यायचे आणि वाटेतल्या साऱ्या नाक्यांचा हिशेब त्याने भागवायचा. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या लोकांची नोंद आहे. आडनावाच्या रूपाने हुंडेकरी आजही आपल्यात आहेत.

जकातीत केवळ खजिना भरण्याचा हेतू नसे. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभ्याला लिहिलेलं मिठाविषयीचं पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशातून स्वस्त मीठ येऊ लागलं आणि संगमेश्वराकडचं मीठ बाजारातून उठण्याची वेळ आली. तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे दोन्ही मिठांचा भाव सारखा होईल, असा हुकूम महाराजांनी दिला. कुडाळच्या नाक्यावर थांबलेल्या गोणीमागे कोकणातल्या मिठागरांवर राबणाऱ्या माणसांचा विचार होता. नाक्याला कारण असावं आणि ते सांगता यावं, याचं हे उत्तम उदाहरण आहे, म्हणून जकातीचा भाग मी या पत्रापासून सुरू केला आहे.

पण आपल्या समाजातला सर्वांत जुना आणि सर्वांत कठोर नाका राजाने बसवलेला नव्हता. तो गावाच्या वेशीत होता. गावकुसाला वेस असे, रात्री तिचे दरवाजे लागत, आणि ते लावण्याची, परक्या माणसाला हटकण्याची, आल्या-गेल्याची खबर पाटलाला देण्याची जबाबदारी वेसकराची असे. वेसकर हा महार. गावाची राखण त्याने करायची, आणि त्याचं स्वतःचं घर मात्र त्याच गावकुसाबाहेर. आत कोण येईल हे विचारण्याचं काम ज्याच्याकडे, त्यालाच आतल्या पाणवठ्यावर जाण्याची मुभा नाही. नाक्यावर उभा असलेला माणूस म्हणजे सत्ता, असं समजण्याची आपल्याला सवय असते. वेसकराकडे पाहिलं की ते तसं नाही हे कळतं. सत्ता आत असते. नाक्यावर पुष्कळदा तिने उभा केलेला, तिच्या लाभात वाटा नसलेला माणूस असतो. आजच्या टोलनाक्यावर बारा तास धूर खाणाऱ्या कंत्राटी मुलाकडे पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये. आपला राग त्याच्यावर निघतो आणि दर ठरवणारा दूर राहतो.

मुंबई शहर तर सरहद्दीवरच वाढलं. शीव या उपनगराच्या नावातच सीमा आहे. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या बेटांची हद्द इथे संपत होती आणि खाडीपलीकडे पोर्तुगिजांची साष्टी होती; म्हणून टेकडीवर किल्ला आला. १७३९ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी ती त्यांच्याकडून घेतली. मधली पस्तीस वर्षं आजचं वांद्रे, कुर्ला, अंधेरी हा मराठी मुलूख होता आणि शीव-माहीम ही इंग्रजांची सरहद्द होती. पुढे दोन्ही काठ एकाच अमलाखाली आले, तरी माहीम आणि वांद्र्याच्या मधली खाडी होडीनेच ओलांडावी लागे. लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले, तेव्हा माहीमचा कॉजवे झाला आणि १८४५ मध्ये खुला झाला. देणगी देताना त्यांनी घातलेली अट मला त्या रकमेपेक्षा मोठी वाटते : या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून कधीही टोल घ्यायचा नाही. पूल बांधून त्याच्या तोंडाशी नाका बसवणं ही तेव्हाची सरसकट रीत होती. नाका बसणारच नाही याची तजवीज आधी करणारी ती बाई मुंबईच्या इतिहासात वेगळी उठून दिसते.

जकातीने महाराष्ट्रातली शहरं पोसली हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पाणी, दिवे, दवाखाने, शाळा यांचा पैसा बराचसा नाक्यावरून येई. ते उत्पन्न शहराचं स्वतःचं असे, रोज हातात पडे, आणि त्यासाठी राज्य सरकारच्या दारात उभं राहावं लागत नसे. दुसरीकडे, ज्या मालाला शहरात उतरायचंच नव्हतं त्यालाही ‘पारगमन शुल्क’ भरावं लागे. रांगेत भाजीपाला सुके, डिझेल जळे, दलालांची साखळी पोसली जाई. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, महापालिकांमध्ये तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, आणि मुंबईची जकात वस्तू व सेवा कर लागू होताना, सर्वांच्या शेवटी गेली. आता महापालिकांना भरपाईचे हप्ते येतात. व्यापाऱ्याचा रस्ता मोकळा झाला हे चांगलंच झालं. पण शहराचा खजिना त्याच दिवशी परावलंबी झाला. नाका उठतो तेव्हा त्याच्याबरोबर आणखी काय उठतं, हे जकातीच्या प्रकरणांत सविस्तर पाहायला मिळेल.

विदर्भातल्या नाक्यांसाठी मी स्वतंत्र भाग ठेवला आहे, कारण तिथे नाका शेतकऱ्याच्या आणि आदिवासीच्या पोटाशी भिडतो. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. शेजारच्या राज्यात भाव चढा असला की स्वतःच्या शेतातला कापूस शेतकऱ्याला चोरासारखा रात्री हद्दीपार न्यावा लागे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या सीमाबंदीविरुद्ध आवाज उठवला, तो या अनुभवातून. योजनेमागचा हेतू शेतकऱ्याला हमी देण्याचा होता. पण हमीच्या दाराशी पहारा बसला की हमी घेणाऱ्याला ती कैद वाटू लागते.

जंगलातला नाका याहून जुना. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने लाकूड आणि इतर वनोपजाच्या वाहतुकीवर सरकारचा ताबा पक्का केला. वाहतूक परवाना, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘टीपी’, नसेल तर नाक्यावर माल जप्त. गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याजवळ मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचं गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू तोडण्याचा, विकण्याचा हक्क कागदावर आला. पण परवाना वनखात्याच्या हातात, आणि खातं तो देईना. म्हणजे बांबू गावाचा आणि रस्ता खात्याचा. ग्रामसभा दबली नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. नाका तिथेच राहिला, तपासणी तीच राहिली. फक्त त्या कागदावर सही कुणाची, हे बदललं. लोकशाहीचा अर्थ इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी घटना मला माहीत नाही.

सरहद्दीच्या भागात पत्रादेवीला मानाची जागा आहे. सावंतवाडीहून बांदा ओलांडलं की गोव्याचा पेडणे तालुका लागतो आणि हद्दीवर पत्रादेवी. आज तिथून वाहनं वेगाने सुटतात. परतीच्या वाटेवर इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचे लोक डिकी उघडायला सांगतात आणि गोव्याच्या बाटल्या शोधतात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच हद्दीवर हातात तिरंगा घेऊन, नि:शस्त्र सत्याग्रही उभे होते आणि समोर पोर्तुगीज बंदुका होत्या. त्या वर्षी मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांनी सत्याग्रहींना घेऊन हद्द ओलांडली होती. ऑगस्टमध्ये देशभरातून माणसं आली. पंजाबचे कर्नेलसिंग पत्रादेवीला गोळी लागून पडले. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोदरादेवी राय झेंडा घेऊन पुढे झाल्या आणि जखमी झाल्या. त्या एका दिवशी गोव्याच्या वेगवेगळ्या हद्दींवर वीसहून अधिक सत्याग्रही मृत्यू पावले. त्यानंतर रेल्वे थांबली, येणं-जाणं दुरापास्त झालं. कुलदैवत गोव्यात आणि घर मुंबईत अशा कितीतरी कुटुंबांची देवाची वाट १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत अडून राहिली. भाषा एक, नाती एक, देव एक, आणि मध्ये नाका. हद्द ओलांडणं हाच त्या सत्याग्रहाचा आशय होता. अन्यायाने बसवलेल्या नाक्यासमोर न थांबणं हेही नागरिकाचं कर्तव्य असू शकतं, हे पत्रादेवीने शिकवलं.

याच्या अगदी उलट बाजूला गिरगाव चौपाटी आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवर अतिरेकी हल्ला चालू असताना, बिनतारी संदेश आला आणि डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या लोकांनी चौपाटीपाशी नाकाबंदी लावली. लोखंडी अडथळे, हातात काठ्या, थोडी शस्त्रं. बळकावलेल्या स्कोडा गाडीतून दोन अतिरेकी आले. गाडी वळवण्याच्या प्रयत्नात दुभाजकावर आदळली. गोळीबारात एक मेला. दुसऱ्याच्या रायफलची नळी सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या शरीरात शिरत राहिल्या, पकड सुटली नाही, आणि कसाब जिवंत हाती लागला. दहा हल्लेखोरांपैकी जिवंत सापडलेला तो एकटा. पुढचा सगळा खटला त्याच्या जिवंत सापडण्यामुळे वेगळा झाला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र दिलं गेलं. रात्री उशिरा घरी जाताना नाकाबंदीत काच खाली करायला लागली की आपण कुरकुरतो. त्या वेळी हे आठवावं, की शहर आणि मृत्यू यांच्या मध्ये कधी कधी एवढंच असतं : रस्त्यावर आडवा लावलेला अडथळा आणि त्याच्यामागे न हटणारा माणूस.

म्हणून हे पुस्तक नाक्यांच्या विरुद्ध नाही. २०२० च्या टाळेबंदीत आपण नाक्याची दोन्ही रूपं एकाच वेळी पाहिली. गावांनी वेशीवर काट्याकुट्या, बैलगाड्या आडव्या लावल्या. जिल्ह्याजिल्ह्यांच्या हद्दींवर ई-पास तपासला जाऊ लागला. या अडवणुकीने आजाराचा वेग काही ठिकाणी मंदावला असेल. पण मुंबई-नाशिक रस्त्यावरून डोक्यावर बोचकं घेऊन पायी गावी निघालेल्या मजुरालाही तिने अडवलं. ई-पास मोबाइलवर मिळत होता आणि त्याच्याकडे अर्ज भरता येईल असा मोबाइल नव्हता. नियम सगळ्यांना एकच असला तरी नाक्यावर सगळे सारखे पोहोचत नाहीत. निवडणुकीच्या काळात पन्नास हजारांपेक्षा जास्त रोकड बाळगणाऱ्याला स्थिर सर्वेक्षण पथक पुरावा मागतं. मोठ्या व्यापाऱ्याचा हिशेबनीस तो तासाभरात हजर करतो. बैल विकून बाजारातून परतणाऱ्या शेतकऱ्याची मात्र पंचाईत होते.

पुस्तकाचा शेवटचा भाग न दिसणाऱ्या नाक्यांचा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत तातडीचा आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. एप्रिल २०१८ पासून पन्नास हजारांवरच्या मालाच्या आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर लहान वाहनांचा टोल माफ झाला. पुणे विमानतळावर चेहरा दाखवला की दार उघडतं. द्रुतगती मार्गावर कॅमेरा वेग मोजतो आणि दंड मोबाइलवर येऊन पडतो. रांगा घटल्या, चिरीमिरी घटली, वेळ वाचला. हे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तपासणी कमी झालेली नाही, उलट कितीतरी वाढली आहे. पूर्वी नाका मागे पडला की संपत असे. आता आपण कुठून, कधी, किती वेगाने गेलो याची नोंद मागे उरते, आणि ती कुणाकडे किती वर्षं राहते हे बहुतेकांना ठाऊक नसतं. जुन्या नाक्यावर निदान हुज्जत घालता येई. दराचा फलक दाखवा, पावती द्या, साहेबांना बोलवा, असं म्हणता येई. खात्यातून चुकून दोनदा पैसे कापले गेले तर आज हुज्जत कुणाशी घालायची?

जकातनाक्यावर दरपत्रक लावणं, पावती देणं, टोलची मुदत जाहीर करणं या गोष्टी सरकारांनी आपण होऊन दिल्या नाहीत. व्यापाऱ्यांच्या बंदमधून, मोर्च्यांमधून, कोर्टकचेऱ्यांमधून, मेंढ्यासारख्या गावांच्या चिकाटीतून त्या मिळाल्या. नव्या नाक्यांसाठी तेवढंच मागायचं आहे : कारण सांगा, नोंद किती काळ ठेवणार ते सांगा, चूक झाली तर दाद कुठे मागायची ते सांगा, आणि काम संपलं की नाका उठवा. पुढची प्रकरणं वाचताना वाचकाने हे चार प्रश्न प्रत्येक नाक्याला लावून पाहावेत, मग तो नाणेघाटातला असो वा मोबाइलमधला. ज्याला उत्तर देता येईल त्याच्यापाशी आपण खुशाल थांबावं. ज्याला देता येणार नाही, त्याला ते द्यायला लावेपर्यंत विचारत राहावं. त्यासाठी हवी ती सामग्री या पानांत एकत्र करण्याचा हा प्रयत्न आहे.